पाण्याची गोळी, वाफ आणि दम्याचा श्वास

घरात दम्याचा रुग्ण असला की सल्ला देणाऱ्यांची कमतरता नसते. कोणी मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला जाऊन जिवंत माशातून औषध घ्यायला सांगतो. कोणी कोजागिरीच्या रात्री खिरीतून दिल्या जाणाऱ्या औषधाचा पत्ता देतो. कोणी कलौंजी आणि मध सुचवतो. या यादीत अधूनमधून एक डॉक्टरी वाटणारा सल्लाही ऐकू येतो, "लघवी होण्याचे जे औषध असते ना, लॅसिक्स, त्याची वाफ दिली तर दमा बसतो." सांगणारा बहुतेक वेळा स्वतः पाहिलेला अनुभवही जोडतो. "आमच्या दादाजींना रात्री दवाखान्यात नेले तेव्हा हेच इंजेक्शन दिले आणि अर्ध्या तासात धाप थांबली."

या सल्ल्याकडे आम्ही थोडे बारकाईने पाहायचे ठरवले. एक तर तो पूर्णपणे हवेतला नाही. त्याच्यामागे खरे संशोधन आहे आणि तेही जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत छापलेले. दुसरे म्हणजे अर्धवट समजून तो घरी वापरला तर जिवावर बेतू शकते. यातले खरे किती, अपुरे किती आणि दम्याच्या रुग्णाला आज नेमके काय हवे आहे, हे वाचकांसमोर मांडावे असे वाटले.

दोन धापा, दोन आजार

लॅसिक्स हे बाजारातले नाव. औषधाचे मूळ नाव फ्युरोसेमाइड. जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फ्रुसेमाइड असेही दिसते. १९६० च्या दशकापासून ते वापरात आहे. मूत्रपिंडात ते मीठ पुन्हा रक्तात शोषले जाण्याची क्रिया अडवते. मीठ लघवीवाटे बाहेर पडते आणि त्याच्याबरोबर पाणीही जाते. म्हणूनच घरोघरी त्याला 'पाण्याची गोळी' म्हणतात. पायावर सूज असेल, हृदय कमजोर असेल किंवा किडनीच्या आजारात अंगात पाणी साठले असेल, तर हे औषध फार मोलाचे ठरते.

आता दादाजींच्या धापेकडे पाहू. हृदय कमजोर झाले की ते पुढचे रक्त पुरेसे ढकलू शकत नाही आणि मागे फुप्फुसांत पाणी साचू लागते. रुग्ण रात्री झोपेतून दचकून उठतो, खिडकीशी जाऊन बसतो, छातीत घरघर होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा दमाच वाटतो. डॉक्टरही त्याला फार पूर्वीपासून 'हृदयाचा दमा' म्हणत आले आहेत. पण हा खरा दमा नव्हे. इथे फुप्फुसांत पाणी असते, म्हणून पाणी काढणाऱ्या इंजेक्शनने आराम पडतो.

खऱ्या दम्यात फुप्फुसांत पाणी साचलेले नसते. तिथे श्वासनलिकांना आतून सूज आलेली असते. त्या नाजूक आणि चिडखोर झालेल्या असतात. धूळ, धूर, थंड हवा, सर्दीचा विषाणू किंवा जोराचा व्यायाम एवढे निमित्त मिळाले की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि हवा बाहेर पडताना शिट्टीसारखा आवाज येतो. अशा रुग्णाला पाण्याची गोळी दिल्याने नळ्यांची सूज उतरत नाही. उलट शरीरातले पाणी कमी झाले की कफ आणखी घट्ट होऊ शकतो. दुसरा धोका त्याहून गंभीर आहे. फ्युरोसेमाइडमुळे रक्तातले पोटॅशियम कमी होते. दम्याच्या झटक्यात वारंवार दिले जाणारे साल्ब्युटामॉल आणि स्टेरॉइडच्या गोळ्या, यांमुळेही पोटॅशियम उतरते. ही सगळी एकत्र झाली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून पहिलीच गोष्ट ठामपणे सांगतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डब्यातली पाण्याची गोळी दम्याच्या मुलाला किंवा मोठ्या माणसालाही कधी देऊ नका. तिचे इंजेक्शन घरच्या नेब्युलायझरमध्ये ओतण्याचा प्रयोगही करू नका.

मग वाफेची गोष्ट आली कुठून?

ही गोष्ट इटलीतून आली. १९८८ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात बियांको आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. काही दमेकऱ्यांना धावल्यावर किंवा सायकल चालवल्यावर हमखास धाप लागते. अशा रुग्णांना व्यायामाच्या आधी फ्युरोसेमाइड बारीक तुषारांच्या रूपात श्वासातून दिले, तर श्वासनलिका आवळण्याचे प्रमाण कमी होते, असे त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, याच गटाने अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आणखी एक निरीक्षण मांडले. ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे तो पदार्थ प्रयोगशाळेत हुंगायला दिल्यावर लगेच येणारी आणि काही तासांनी येणारी, अशा दोन्ही प्रकारच्या प्रतिक्रिया या तुषारांमुळे सौम्य झाल्या होत्या.

वैद्यकीय जगात यामुळे बरीच उत्सुकता निर्माण झाली. नंतर इतर देशांतही प्रयोग झाले. थंड हवा, धुक्यासारखे पाण्याचे तुषार, अशा निमित्तांनी येणाऱ्या त्रासातही या औषधाने काही संरक्षण दिले. गंमत अशी की या परिणामाचा लघवीशी संबंध दिसत नव्हता. फायदा दिसला तो औषध थेट श्वासनलिकेत पोचवल्यावर. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरातून मीठ आणि पाणी सतत आतबाहेर होत असते. तिथल्या नसांच्या टोकांवर आणि ॲलर्जीची रसायने सोडणाऱ्या पेशींवर हे औषध काहीतरी परिणाम करत असावे, असा संशोधकांचा कयास होता. जोरात धापा टाकताना कोरडी हवा आत जाते, अस्तर सुकते, त्यावरच्या द्रवातले मिठाचे प्रमाण वाढते आणि त्यातूनच नळ्या चिडतात. हे लक्षात घेतले तर मीठ-पाण्याच्या हालचालीवर काम करणारे औषध तिथे उपयोगी पडेल, ही कल्पना वेडगळ म्हणता येत नाही.

आशा होती, मग औषध का झाले नाही?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अशा बातम्या वाचताना आपण बहुतेक वेळा इथेच चुकतो. प्रयोगशाळेत एखादा त्रास मुद्दाम निर्माण करून तो तासाभरासाठी थोपवणे वेगळे आणि वर्षानुवर्षे चाललेला आजार काबूत ठेवणे वेगळे.

फ्युरोसेमाइडचे तुषार आधी घेतले तर पुढच्या त्रासाला आळा बसतो, असे दिसले. पण एकदा आवळलेली श्वासनलिका ते साल्ब्युटामॉलसारखी झटपट मोकळी करत नाही. तातडीच्या विभागात, झटका आलेल्या रुग्णांना साल्ब्युटामॉलबरोबर हे औषध जोडून पाहिले गेले. त्या प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. कुठे थोडा फायदा दिसला, कुठे काहीच फरक पडला नाही. बहुतेक प्रयोग लहान होते. एखादे औषध रोजच्या उपचारात आणायचे तर मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन, दीर्घकाळ, आधीच्या चांगल्या औषधांशी तुलना करून ते सिद्ध व्हावे लागते. फ्युरोसेमाइडच्या बाबतीत ती पायरी चढली गेली नाही. दम्याच्या उपचारासाठी जगभरचे डॉक्टर ज्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचा आधार घेतात, त्या 'गिना'च्या नेहमीच्या उपचारांत वाफेतून फ्युरोसेमाइड नाही.

म्हणजे संशोधन खोटे होते का? अजिबात नाही. त्यातून श्वासनलिका कशी चिडते हे समजायला मदत झाली. असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची गुदमर कमी करण्यासाठीही या तुषारांचा अभ्यास झाला आहे, पण तिथलेही निकाल संमिश्रच आहेत. 'शक्य आहे' आणि 'सिद्ध झाले आहे' यांच्यातले अंतर किती मोठे असते, हे दाखवणारे हे चांगले उदाहरण आहे.

कैरोची वनस्पती आणि हलबचा डॉक्टर

याच वाटेने पुढे गेलेल्या एका औषधाची कहाणी वाचकांना आवडेल. ती आपल्याला ओळखीच्या प्रदेशातून सुरू होते. इजिप्तमध्ये खिल्ला नावाची एक रानटी वनस्पती उगवते. तिच्या बियांचा काढा लघवी साफ होण्यासाठी आणि मुतखड्याच्या कळा थांबवण्यासाठी तिथले लोक शतकानुशतके घेत आले. १९४० च्या दशकात कैरोतल्या संशोधकांनी त्यातल्या खेलिन या घटकाचा अभ्यास केला आणि तो आवळलेले स्नायू सैल करतो असे दाखवले.

पुढे इंग्लंडमध्ये रॉजर आल्टूनियन या डॉक्टरांनी खेलिनसारख्या रसायनांवर काम सुरू केले. हे सीरियातल्या हलब शहरात, म्हणजे अलेप्पोत, रुग्णालय चालवणाऱ्या आर्मेनियन डॉक्टर घराण्यातले. ते स्वतः दम्याचे रुग्ण होते. नवे रसायन तयार झाले की ते आधी स्वतः हुंगत, मग आपल्याला ज्याची ॲलर्जी आहे तो पदार्थ मुद्दाम हुंगत आणि श्वास किती घटतो ते मोजत. वर्षानुवर्षे असे शेकडो वेळा केल्यानंतर १९६० च्या दशकात सोडियम क्रोमोग्लायकेट हे औषध हाती आले.

क्रोमोग्लायकेटचा गुण फ्युरोसेमाइडच्या तुषारांसारखाच आहे. आधी घेतले तर व्यायामाने किंवा ॲलर्जीने येणारा त्रास थोपवतो, पण आलेला झटका मोडत नाही. फरक एवढाच की त्यावर मोठे अभ्यास झाले आणि ते खरोखर बाजारात आले. लाखो मुलांनी ते वापरले. तरीही आज ते मागे पडले आहे, कारण त्याहून सरस औषध मिळाले. ते औषध म्हणजे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड. बेक्लोमेथासोन या अशा पहिल्या महत्त्वाच्या औषधाचा वापर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाला. नळ्यांची सूज मुळातून कमी करण्यात त्याच्या जवळ जाणारे औषध क्रोमोग्लायकेटही नव्हते आणि फ्युरोसेमाइडही नाही.

आपल्या पूर्वजांनाही दम्याची चांगली ओळख होती. 'दमा' हा शब्दच फारसीतून आपल्याकडे आला. 'दम' म्हणजे श्वास. अरबीत या आजाराला 'रब्व' म्हणतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस कैरोतले यहुदी हकीम मूसा बिन मैमून यांनी एका उच्चपदस्थ रुग्णासाठी अरबी भाषेत खास रब्वावर एक ग्रंथ लिहिला. स्वच्छ हवा, मोजका आहार, पुरेशी झोप आणि मनःशांती यांवर त्यात भर आहे. उपचार करताना घाई आणि अडाणीपणा टाळावा, हेही ते बजावतात. आठशे वर्षांनंतर आपल्याला तोच उपदेश लागू पडतो.

औषध आहे, पण पोचत नाही

नवीन औषधाच्या बातमीने आपण हुरळून जातो. मात्र पन्नास वर्षे हाती असलेले औषध आपल्या घरांत पोचलेले नाही, याकडे लक्ष जात नाही. आपल्याकडची खरी शोकांतिका ही आहे.

आकडे पाहा. भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत असा अंदाज आहे. जगातल्या एकूण दमेकऱ्यांपैकी हे प्रमाण साधारण १३ टक्के. पण दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त मृत्यू एकट्या भारतात होतात. याचा अर्थ आपला दमा वेगळ्या जातीचा आहे असा नाही. आपण तो ओळखत नाही आणि ओळखला तरी नीट उपचार करत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

'ग्लोबल अस्थमा नेटवर्क'च्या अभ्यासात पुण्यासह देशातल्या नऊ केंद्रांवर सुमारे १ लाख २७ हजार मुले आणि पालक यांची माहिती घेतली गेली. २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांच्या छातीत शिट्टी वाजत होती, अशांपैकी ८२ टक्के लोकांना आपल्याला दमा आहे असे कोणा डॉक्टरने सांगितलेलेच नव्हते. ज्यांचे निदान झाले होते, त्यांच्यातही श्वासातून स्टेरॉइड रोज घेणारे १० टक्क्यांहून कमी होते. या अभ्यासातल्या संशोधकांपैकी एक, डॉ. संदीप साळवी, पुण्याचेच. २००२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे ते संस्थापक संचालक. श्वसनविकारांवर भारतात झालेल्या महत्त्वाच्या कामातला बराच वाटा या शहरातून आला आहे. पंप बनवणाऱ्या देशातल्या प्रमुख कंपन्यांपैकी सिप्लाची स्थापनाही १९३५ मध्ये डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी केली होती. ज्ञान आपल्या शहरात आहे, औषध आपल्या देशात बनते, तरी भवानी पेठेतल्या, मोमीनपुऱ्यातल्या किंवा कोंढव्यातल्या एखाद्या घरात मूल रात्रभर खोकत बसते आणि त्याला फक्त खोकल्याचे सिरप मिळते.

पंपाची भीती

यामागे भीती आहे. पहिली भीती अशी की पंपाची सवय लागते. पंपाची सवय लागत नाही. दमा हा लांब पल्ल्याचा आजार आहे म्हणून औषध लांबपर्यंत घ्यावे लागते. चष्मा लावल्याने डोळ्यांना चष्म्याचे व्यसन लागले, असे आपण म्हणत नाही.

दुसरी भीती 'स्टेरॉइड' या शब्दाची. इथे थोडा हिशेब करू. पंपाच्या एका फवाऱ्यात बहुधा १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम औषध असते. एक हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. स्टेरॉइडच्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीइतके वजन भरायला २०० मायक्रोग्रॅमचे २५ फवारे लागतील. औषधे वेगळी असल्यामुळे ही तुलना फक्त वजनाची आहे, पण तिच्यावरून अंदाज येतो. शिवाय गोळीतले औषध सगळ्या शरीरभर फिरते, पंपातले मुख्यतः जिथे हवे तिथेच पोचते. जे पालक पंपाला नकार देतात, त्यांचे मूल पुढे झटका आल्यावर वर्षातून चार-पाच वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शने घेते. पंप टाळून स्टेरॉइड टळत नाही. उलट ते जास्त प्रमाणात पोटात जाते.

तिसरी भीती उघडपणे बोलली जात नाही. मुलीला दमा आहे हे कळले तर तिचे लग्न कसे जमेल? त्यामुळे पंप पर्समध्ये, कपाटात, उशीखाली लपतो. लग्नानंतर सासरी तो घ्यायची चोरी होते. मग एखाद्या थंड पहाटे झटका येतो तेव्हा घरात कोणालाच काय करायचे ते ठाऊक नसते. आमची कळकळीची विनंती आहे, सोयरीक ठरवताना ही गोष्ट सरळ सांगा आणि ऐकणाऱ्यांनीही ती सरळ घ्या. औषध वेळेवर घेणारी दम्याची रुग्ण शिकते, नोकरी करते, मुलांना जन्म देते, घर सांभाळते. गरोदरपणातही डॉक्टरांच्या सल्ल्याने पंप चालू ठेवणे आईच्या आणि बाळाच्या हिताचे असते. लपवलेला दमा मात्र दोघांनाही धोक्याचा.

आणखी एक गैरसमज शिकलेल्या घरांतही आढळतो. पंप दोन प्रकारचे असतात. एक तात्पुरता आराम देणारा, दुसरा रोज घ्यायचा आणि सूज कमी करणारा. पहिल्याने लगेच बरे वाटते म्हणून लोक तोच वापरत राहतात. २०१९ पासून 'गिना'ने स्पष्ट सांगितले आहे की मोठ्या आणि किशोरवयीन रुग्णांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर दम्याचा उपचार चालवू नये. सूज कमी करणारे औषध सोबत हवेच. आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल किंवा रात्री धाप लागून झोपमोड होत असेल, तर दमा काबूत नाही असे समजावे आणि डॉक्टरांना भेटावे.

पंप घेण्याची पद्धतही शिकून घ्या. पंप हलवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, तोंडात धरून दाबताना हळूहळू खोल श्वास आत घ्या आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरा. लहान मुलांसाठी आणि वयस्करांसाठी स्पेसर नावाची प्लास्टिकची नळी मिळते, ती जरूर वापरा. नंतर चूळ भरा, म्हणजे तोंडात बुरशी येत नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा पंप सोबत न्या आणि त्यांच्यासमोर घेऊन दाखवा. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर ससून रुग्णालयात फुप्फुसविकारांचा स्वतंत्र विभाग आहे.

रमजान आणि पंप

रमजानमध्ये अनेक रुग्ण रोजा तुटेल या धास्तीने पंप महिनाभर बंद करतात. यातून झटके येतात. म्हणून हा विषय रमजान सुरू होण्याआधीच निकालात काढलेला बरा.

रोज घ्यायचा पंप बहुधा दिवसातून एकदा किंवा दोनदा असतो. तो सेहरीच्या वेळी आणि इफ्तारनंतर घेता येतो. त्यामुळे बहुतेक रुग्णांचा प्रश्न इथेच सुटतो. दिवसा आराम देणारा पंप घ्यावा लागला तर काय, याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. सौदी अरेबियाचे दिवंगत मुफ्ती शेख इब्न बाज यांच्यासह काहींच्या मते त्याने रोजा तुटत नाही. आपल्याकडच्या अनेक हनफी मुफ्तींच्या मते तुटतो आणि त्याची कजा करावी लागते. आपण ज्यांना मानतो त्या आलिमांना विचारून घ्या. पण एका गोष्टीवर कोणाचाच मतभेद नाही. आजारी माणसाला रोजा सोडण्याची आणि नंतर भरून काढण्याची सवलत आहे. धाप लागलेली असताना पंप न घेता बसून राहण्याची सक्ती कोणीही केलेली नाही. घरातल्या मोठ्यांनी ही गोष्ट मुलांना आणि सुनांना स्वतःहून सांगावी, कारण त्या संकोचाने विचारत नाहीत.

जे लोक हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी पाण्याची गोळी घेतात, त्यांनीही रोजे सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. दिवसभर पाणी नाही आणि वर लघवी वाढवणारे औषध, यामुळे चक्कर येऊ शकते. गोळीची वेळ किंवा मात्रा ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे. ती स्वतःच बंद करणेही तितकेच धोक्याचे.

घरातला धूर

औषधाइतकीच घरातली हवा महत्त्वाची. पुण्यातल्या जुन्या पेठांत एका खोलीत पाच-सहा माणसे झोपतात, डासांमुळे खिडकी बंद आणि कोपऱ्यात कॉइल जळत असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते. मच्छरदाणी हा यावर सोपा आणि स्वस्त उपाय आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठ यांनी फटाक्यांच्या धुराची मोजणी केली, तेव्हा लहान मुलांच्या हाती सर्रास दिली जाणारी सापाची गोळी सर्वांत जास्त कण सोडणारी निघाली.

लोबान आणि ऊद यांचा सुगंध आपल्या घरांना प्रिय आहे. पण धूर तो धूरच. घरात दम्याचा रुग्ण असेल तर लोबान पेटवू नका, निदान तो घरात असताना तरी नको. बिडी-सिगारेटचा तर प्रश्नच नाही. अब्बा गॅलरीत उभे राहून ओढत असले तरी तो धूर कपड्यांतून आत येतो.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

रुग्ण एक वाक्य सलग बोलू शकत नाही. श्वास घेताना फासळ्यांमधली किंवा गळ्याजवळची कातडी आत ओढली जाते. ओठ किंवा नखे निळसर दिसतात. तो गळून जातो, भोवळल्यासारखा होतो. आराम देणारा पंप घेऊनही फरक पडत नाही. यातले एकही लक्षण दिसले तर रुग्णाला टेकून बसवा, आडवा करू नका. डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे आराम देणारा पंप स्पेसरमधून देत राहा आणि १०८ वर फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठा. धाप हृदयाची आहे की फुप्फुसांची, पाण्याची गोळी हवी की पंप, हे तिथे तपासून ठरेल. ते घरी ठरवायची गोष्ट नाही.

फ्युरोसेमाइडच्या वाफेवर उद्या आणखी चांगले संशोधन झाले आणि ते खरे उतरले, तर आम्हीच ते आनंदाने वाचकांना कळवू. तोवर या आठवड्यात एक काम करा. घरातल्या दम्याच्या माणसाला विचारा की त्याचा रोजचा पंप कुठे आहे, त्यात औषध शिल्लक आहे का आणि शेवटचा कधी घेतला. उत्तर ऐकून पुढे काय करायचे ते तुम्हाला आपोआप कळेल.